कातड्याची पारख

कातडी जाकीट घ्यावयाचे तर ते कोणत्या कातड्याचे घ्यावे, हा प्रश्न चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आमच्या मध्यमवर्गीय घरांत कोणी विचारला नसता. जाकीट म्हणजे सदऱ्यावर घालावयाचे बिनबाह्यांचे सुती किंवा खादीचे वस्त्र, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आमच्या वडीलधाऱ्यांस ठाऊक होता. आज तो प्रश्न राजगुरुनगरासारख्या तालुक्याच्या गावीही ऐकू येतो, आणि तो तेथे निघावा यात नवल नाही. शेजारच्या चाकणची माळराने कारखान्यांनी व्यापली आहेत. १९९९ पासून तेथे बजाजच्या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. मुलगा कारखान्यात लागला की थोड्याच दिवसांत दाराशी दुचाकी येते, आणि दुचाकीमागून जाकीट येते. सुटीच्या दिवशी चास-कमानवरून वाड्याकडे व तेथून भीमाशंकराच्या डोंगरांकडे निघालेले तरुणांचे तांडे पाहिले, म्हणजे काळे कातडे हा या खोऱ्याचा नवा पोशाख झाला आहे की काय, असे वाटू लागते.

दुकानात शिरलेला गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारतो : "माल अस्सल आहे ना?" दुकानदारही शपथेवर होय म्हणतो, आणि पुष्कळदा तो खरेच बोलत असतो. परंतु या खऱ्या उत्तराने गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडते? पायताण, मोट, ढाल, डफ आणि अंगरखा ही सारी अस्सल कातड्याची असू शकतात; म्हणून मोटेचे कातडे अंगरख्यास चालत नाही, आणि डफाचे पायताणास चालत नाही. कोणत्या कामास कोणत्या जनावराचे, अंगाच्या कोणत्या भागाचे व कशाने कमावलेले कातडे हवे, हा खरा प्रश्न होय. तो विचारण्याची रीत या देशात फार जुनी आहे. ती आमच्या शिकलेल्या घरांत मात्र कधी पोचली नाही. असे का झाले, हे पाहिल्यावाचून जाकिटाचा विचार आम्हांस अपुरा वाटतो.

प्रथम शास्त्राकडे पाहू. मुंजीत बटूच्या जानव्यास हरणाच्या कातड्याचा लहानसा तुकडा बांधतात, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. हा तुकडा म्हणजे एका पुऱ्या वस्त्राचे उरलेले चिन्ह आहे. गृह्यसूत्रांच्या काळी बटू अजिन हे उत्तरीय म्हणून अंगावर घेई, आणि कोणी कोणते अजिन घ्यावे याचे नियम सूत्रकारांनी घालून दिले होते : ब्राह्मणाच्या मुलास काळविटाचे, क्षत्रियाच्या मुलास रुरू नावाच्या हरणाचे, वैश्याच्या मुलास बोकडाचे. पारस्कराने तर वैश्यास गाईचेही चालेल असे म्हटले आहे, आणि नेमलेले न मिळाल्यास गाईचे कोणासही चालेल अशी सवलत ठेविली आहे. अंगावर घालावयाच्या कातड्याची निवड हा विषय परका आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मृगाजिन व व्याघ्रचर्म पवित्र, आणि चपलेचे चामडे मात्र विटाळाचे, हा भेद कातड्यावरून पडलेला नाही. कातड्यास ज्या हातांनी कमाविले त्या हातांवरून तो पडला.

'कमावणे' या क्रियापदाचाही येथे विचार करण्यासारखा आहे. मराठीत पैसा कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो आणि कातडेही कमावतात. चौथ्या अर्थी वापरलेला शब्द पहिल्या तिहींहून हलका कसा मानावा? कच्चे कातडे दोन दिवस उघडे राहिले तर नासते, वाळले तर लाकडासारखे कडक होते. त्याच्या तंतूंत झाडाच्या सालीचा किंवा फळाचा तुरट रस मुरला, म्हणजे ते कुजत नाही, पाण्यात विरघळत नाही, आणि हवे तसे वळते. हा रस कसा, कोणता व किती दिवस मुरवावा, यातच धंद्याचे सारे कसब आहे.

जुन्या गावगाड्यात कातड्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण, असे विचारले तर नागर वाचक जोडा असे उत्तर देतील. आमच्या मते ते उत्तर चुकीचे आहे. सर्वांत मोठे गिऱ्हाईक विहीर होते. भीमेच्या आणि भामेच्या काठची बागायत मोटेवर चाले. मोट म्हणजे कातड्याची प्रचंड पिशवी, वरून रुंद तोंडाची आणि खाली सोंडेसारखी निमुळती. तोंडाला नाडा आणि सोंडेला सोंदूर असे दोन दोर बांधून बैल धावेवरून खाली गेले, म्हणजे भरलेली मोट वर येई व सोंड थारोळ्यात पाणी ओती. आता या एका वस्तूत कातड्याची किती परीक्षा होती, हे पाहण्यासारखे आहे. मोटेच्या पोटास म्हशी-रेड्याचे किंवा बैलाचे जाड कातडे लागे, कारण ते विहिरीच्या दगडांवर घासत वर येई. सोंडेस मऊ व लवचीक कातडे लागे, कारण ती प्रत्येक फेरीस दुमडे आणि उलगडे. दिवसभर भिजणाऱ्या व रात्रभर वाळणाऱ्या वस्तूस चुकीचे कातडे लाविले तर त्या चुकीची किंमत उन्हाळ्यात करपलेल्या मळ्याने मोजावी लागे. पुढे मोटेचे पोट लोखंडी पत्र्याचे झाले, तरी सोंड कातड्याचीच राहिली. तिचे काम लोखंडास जमेना.

मोटेखालोखाल पखाल. तीही मोठ्या जनावराच्या कातड्याची, बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंस लोंबणारी. भिस्तीच्या खांद्यावरची मसक मात्र अखंड सोललेल्या बकरीची, कारण ती एका माणसाने उचलावयाची असे. तेला-तुपाचे बुधले निराळे. घोड्याचा सरंजाम जिनगराकडे. त्याच्या धंद्याचे नाव पुण्याच्या जिनगर आळीस मिळालेले आहे. ढाल म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याची असे. तिला मऊपणाचे काहीच काम नव्हते. वाद्यांचा तर न्यायच उलटा. हलगीवर किंवा तबल्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे मुद्दाम कच्चे ठेवितात. ते कमाविले तर वाजत नाही. ज्या गुणाने जाकीट अंगावर सुखाने पडते, तोच गुण तबल्याचा घात करितो.

मग अंगावर घालण्यास आमच्या लोकांनी कातडे का वापरिले नाही? हवा हे एक कारण. देशावर थंडी थोडी आणि घाम फार; पावसाळ्यात तर कातड्यास आठ दिवसांत बुरशी येते. आणि दुसरे असे की, जाकिटाचे काम येथे घोंगडीने केलेले होते. धनगराची काळी घोंगडी पाऊस, थंडी, बसणे, निजणे आणि ओझे बांधणे ही सारी कामे उरकी. ज्या देशात अशी घोंगडी विणली जाते, त्या देशात कातड्याचा कोट निघत नाही, आणि निघाला नाही म्हणून कोणाचे काही अडलेही नाही.

कातडे कमावण्याची गावठी रीत पुढीलप्रमाणे होती. भिजवून मऊ केलेले कातडे चुन्याच्या खड्ड्यात काही दिवस ठेवीत. त्याने केस सुटत. ते खरडून, आतील बाजूचे मांस काढून, चुना धुऊन टाकीत. मग मोठ्या कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करीत, ती तिकाटण्यास किंवा झाडास टांगीत, आणि तीत कुटलेली बाभळीची साल, हिरडा व पाणी भरीत. झिरपलेले पाणी खालच्या भांड्यात जमे. ते पुन्हा वर ओतावयाचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून हाच क्रम चाले. हे काम ढोर समाजाकडे असे. कमावलेले चामडे चांभार घेई व त्याची वस्तू करी. बाभूळ सर्वत्र होती, आणि माळावर पिवळ्या फुलांचा तरवड होता, त्याची साल फिकट रंगाचे सुरेख कातडे देते. हिरडा मात्र सह्याद्रीने दिला. खेड तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे वाड्यापलीकडे भोरगिरी-भीमाशंकरापर्यंतचे डोंगर, आणि त्यास लागून असलेला आंबेगाव-जुन्नरचा घाटमाथा, हा हिरड्याचा मुलूख होय. औषधाच्या बटव्यातील हिरडा सर्वांस माहीत असतो. कातड्याच्या धंद्यात त्याची मातब्बरी त्याहून मोठी आहे. परदेशी बाजारात 'भिमली', 'जबलपुरी' अशा नावांनी तो एका काळी जहाजे भरभरून जात असे.

हिरड्याचा गुण असा की, एकट्याने कमाविले तर कातडे मऊ पण भुसभुशीत उतरते. बाभळीच्या जोडीस घातला तर तिचा लालसर काळेपणा तो उजळवितो आणि कातड्यास भरीवपणा आणितो. तरवडीने कमावलेले कातडे उजेडात राहून तांबडे पडते. शेवटी हिरड्याचे पाणी दिले तर ते पडत नाही. हे ज्यांनी प्रथम हेरिले त्यांच्याजवळ पुस्तक नव्हते. बोटे होती, नाक होते आणि पिढ्यांची आठवण होती. कातडे हातात घेताच ते जनावर रोगाने मेले की म्हातारपणाने, त्याच्या मानेवर जुवाचा घट्टा होता की नाही, गड्याने पराणी फार टोचली होती की काय, आणि दुखणे बरे करण्यासाठी पाठीवर तापल्या लोखंडाचे डाग दिले होते काय, हे सारे त्यांस वाचता येई. भारतीय कातड्याविरुद्ध परदेशी व्यापाऱ्यांची जुनी तक्रार या डागांचीच होती. बैलाचा पाठभाग हा सर्वांत घट्ट, आणि डागही नेमके तेथेच.

ही विद्या गावकुसाबाहेर राहिली. ज्याच्या मोटेवर गावाचा मळा भिजला, त्यास गावाच्या पाणवठ्यावर घागर भरण्याची बंदी होती. या एका वाक्यात आमच्या समाजरचनेची जी निर्भर्त्सना आहे, तीहून कडक निर्भर्त्सना आम्हांस सुचत नाही. मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांकडे परंपरेने लादलेले. त्याबद्दल मिळणारे कातडे हा हक्क म्हणून सांगितला जाई, आणि त्या हक्काच्या नावाखाली अपमान बळकट होई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस टाकण्याचा व असली हीन मानलेली कामे सोडण्याचा जो उपदेश केला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावयास पाहिजे. गावोगाव ती कामे सोडली गेली. त्यापायी बहिष्कार सोसले गेले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्याने १९५८ साली केला, तेव्हा कायद्याचे बंधनही तुटले.

याच सुमारास दुसरा एक प्रयोग वर्ध्याजवळ नालवाडीस चालला होता. गांधीजींच्या प्रेरणेने १९३५ साली तेथे चर्मालय निघाले. गोपाळराव वाळुंजकर यांनी ते चालविले. आपोआप मेलेल्या जनावरांचेच कातडे घ्यावयाचे, ते शास्त्रशुद्ध रीतीने कमावावयाचे आणि या धंद्यास चिकटलेली हीनता काढून टाकावयाची, असा तेथला बेत. गांधीजींस चपला शिवण्याचे काम दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून येत होते. त्यांनी स्वतः तयार केलेला एक जोड जनरल स्मट्स यांस दिला होता, व स्मट्स यांनी तो १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवशी, आदरपूर्वक परत पाठविला. प्रयोग थोर होता यात शंका नाही. तथापि महाडचा उपदेश आणि नालवाडीचा प्रयोग यांत प्रथम क्रमांक कोणाचा, असे विचारल्यास आम्ही महाडचा म्हणू. ज्याच्यावर काम लादलेले आहे, त्यास ते सोडण्याची मोकळीक आधी मिळाली पाहिजे. कामाची थोरवी मागाहून सांगता येते. जुनी पारख लोपली म्हणून आज हळहळण्याचा अधिकार, ज्यांनी ती कधी शिकून घेतली नाही अशा आमच्या वर्गास तर मुळीच नाही.

तिचा लोप घडविण्यात यंत्रांचाही मोठा हात होता. किर्लोस्करांचा तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना १९४६ साली पुण्यास निघाला; विहिरीवर इंजिन बसले, मागून वीज आली, आणि मोट अडगळीत गेली. गावच्या ढोराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक असे एका पिढीत नाहीसे झाले. त्यापूर्वीच मुंबईत मोठे कारखाने उभे राहिले होते. आदमजी पीरभॉय यांनी १८८७ साली धारावीत कातडी कमावण्याचा कारखाना काढला. लष्करास जोडे व कातडी सामान पुरविणे हा त्यांचा व्यापार होता. पुढे तमिळ मुलखातून चर्मव्यवसायी मुसलमान आले, महाराष्ट्रातून ढोर व चर्मकार आले, आणि खाडीकाठची ती दलदल कातड्याची पेठ झाली. धारावीत एका रस्त्यास संत रोहिदासांचे नाव आहे आणि दुसऱ्यास संत कक्कय्यांचे. चर्मकार व ढोर या दोन समाजांनी आपापल्या संतांची नावे महानगराच्या नकाशावर अशी कोरली आहेत. १९७१ साली कत्तलखाना वांद्र्याहून देवनारास गेला, त्यानंतर कमावण्याचे काम धारावीतून हळूहळू निघाले; शिवण्याचे राहिले. आजही मुंबई-पुण्याकडचा माणूस जाकीट शिवून घेण्यास धारावीची वाट धरतो.

कमावण्याच्या रीतीतही क्रांती झाली होती. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत सिद्ध केली, व १८९३ मध्ये मार्टिन डेनिस याने ती अधिक सोपी केली. मद्रासेस आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास तिचे प्रयोग सुरू केले. गंमत अशी की, मोटेस टिकाऊ कातडे मिळावे हाच त्यांतील एक हेतू होता. सालीच्या रसास जेथे आठवडे लागत, तेथे क्रोमला दिवस पुरतात. क्रोमचे कातडे हलके, मऊ व लवचीक होते; त्याचा तुकडा उकळत्या पाण्यात टाकिला तरी नीट कमावलेला असल्यास आक्रसत नाही, तर साल-हिरड्याचे कातडे त्याच्या पुष्कळ आधी आखडते. आज बाजारात दिसणारी बहुतेक जाकिटे क्रोमची आहेत. मोबदल्यात नद्यांनी काय सोसले, हे तमिळनाडूतील पालार नदीच्या काठी किंवा कानपुरास गंगेवर विचारावे. शिवाय क्रोम नीट बसला नाही, तर त्याचे विषारी रूप कातड्यात उतरू शकते. युरोपने २०१५ पासून कातड्याच्या वस्तूंत त्याची मर्यादा किलोस तीन मिलिग्रॅम इतकी बांधून दिली आहे.

आता खुद्द जाकिटाकडे वळू. त्याचा जन्म थंडीत आणि वेगात झाला. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतून उडणाऱ्या वैमानिकांस कातडी कोट लागले, मोटार हाकणाऱ्यांस ते आधीपासून लागत होते. न्यूयॉर्कच्या आयर्विंग शॉट याने १९२८ साली मोटारसायकलवाल्यांसाठी पुढे साखळी असलेले आखूड जाकीट काढिले. त्यास घोड्याचे कातडे वापरले, आणि किंमत ठेविली साडेपाच डॉलर. अमेरिकन लष्कराने १९३१ मध्ये वैमानिकांसाठी जे जाकीट मुक्रर केले, तेही मूळचे घोड्याच्याच कातड्याचे. नौदलाने मात्र आपल्या वैमानिकांस बकरीचे दिले. आणि फार उंचावर, हाडे गोठविणाऱ्या थंडीत बाँबफेकी विमानांत बसणाऱ्यांस मेंढीचे, लोकर न काढलेले, लोकर आत व कातडे बाहेर असे जाकीट दिले. घसटण्यास घोडा, समुद्रावर बकरी, गोठणाऱ्या थंडीस मेंढी. मोटेच्या पोटास एक आणि सोंडेस दुसरे कातडे लावणाऱ्या आमच्या कारागिरास हा हिशेब क्षणात कळला असता. पुढे १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडोने असे जाकीट घातले आणि ते कामाचे राहिले नाही, ऐटीचे झाले. तेव्हापासून कोणत्या कामास, हा प्रश्न मागे पडला.

तो पुन्हा पुढे आणला, म्हणजे निवड अवघड नाही. मेंढीचे कातडे सर्वांत मऊ, हलके व अंगासरशी बसणारे, बहुधा मिलिमीटरहून पातळ. लग्नसमारंभास, आगगाडीच्या प्रवासास, उत्तरेकडील थंडीस ते उत्तम. परंतु ते चटकन फाटते, आणि डांबरावर घसरणाऱ्या अंगास त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. चाकणच्या मालमोटारींच्या गर्दीतून रोज दुचाकी हाकणाऱ्या मुलास बापाने हौसेने मेंढीचे जाकीट द्यावे, हे आम्हांस क्रूर वाटते. त्यास गाई-बैलाचे किंवा म्हशीचे, निदान सव्वा मिलिमीटर जाडीचे हवे. खांद्यांवर व कोपरांवर गाद्या हव्यात, आणि शिवण दुहेरी हवी. युरोपात अशा पोशाखास २०२० पासून निराळे प्रमाण ठरलेले आहे व त्यात प्रती पाडल्या आहेत. त्याचा छाप आत आहे का, हे जाकीट उलटून पाहावे. बकरीचे कातडे या दोहोंच्या मधले : पातळ असूनही तंतू दाट व घट्ट, अंगावर बारीक रवा, ओलीस बरे तोंड देणारे. दुचाकी आणि चार लोकांतील वावर या दोन्हींस एकच जाकीट पुरवावयाचे असेल, तर आम्ही जाड बकरीकडे बोट दाखवू. म्हशीचे कातडे राकट दिसते म्हणून दुकानदार त्याची निंदा करितात, ती आम्हांस मान्य नाही; आपल्याकडे विपुल मिळणारे व खरोखर बळकट असे ते कातडे आहे, फक्त जड. शिवाय महाराष्ट्रात गाईच्या हत्येस १९७६ च्या कायद्याने बंदी होती, ती २०१५ पासून बैल व वळू यांसही लागू झाली. तेव्हा येथे 'गाईचे' म्हणून विकले जाणारे जाकीट पुष्कळदा परप्रांतातून किंवा परदेशातून अर्धवट कमावून आलेल्या कातड्याचे असते.

आता 'अस्सल'चे काय ते पाहू. जाड कातडे यंत्राने थर करून चिरतात. वरचा थर, जेथे केसांची छिद्रे व रवा असतो, तोच बळकट. खालचा थर तंतुमय व सैल. या खालच्या थरावर प्लॅस्टिकचा लेप चढवून त्यावर खोटा रवा छापितात, आणि ते कातडेच असल्यामुळे त्यास अस्सल म्हणण्यास कोणाची हरकत नाही! म्हणून अस्सलपणाची शपथ घेण्याऐवजी कापलेली कड पाहावी. अंगठ्याने दाबले असता खऱ्या वरच्या थरावर बारीक सुरकुत्या पसरतात व दाब काढताच मावळतात. लेपावर तसे होत नाही. रवा सर्वत्र अगदी एकसारखा असेल तर संशय घ्यावा. पाठीचा पत्रा एकसंध आहे की तुकड्यांचा, कोपर पाठीच्या कातड्याचे आहे की पोटाच्या, हेही पाहावे. पोटाचे कातडे सैल असते, ते बगलेखाली खपते, कोपरास खपत नाही. एखादा जुना ओरखडा, कीटकाचा ठिपका, मानेची वळी दिसली तर नाक मुरडू नये. निष्कलंक पत्रा बहुधा रंगाच्या जाड थराखाली दडलेला असतो.

साल-हिरड्याने कमावलेल्या जाकिटाची हौस अलीकडे वाढते आहे, आणि त्यास भावही चढा मिळतो. ते प्रथम ताठ असते, वापराने अंगाचा आकार घेते, रंग गडद होत जातो. पावसात भिजवून उन्हात टाकले तर मात्र बिघडते. कोल्हापुरी चपलेचे कातडे याच जातीचे, आणि त्या चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. पण तळव्यास जे ताठपण हवे ते खांद्यास नको, म्हणून चपलेच्या कातड्याचा मोह जाकिटास धरू नये. कोणतेही घेतले तरी आमच्या पावसाळ्यात ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. रुंद खांद्याच्या टांगणीवर, वारा लागेल असे, सुती कापडाखाली ठेवावे, आणि बुरशी दिसताच कोरड्या फडक्याने पुसून सावलीत टांगावे.

या साऱ्यात खेडच्या डोंगरांचा वाटा किती उरला आहे? हिरडा आजही गोळा होतो. उन्हाळ्याच्या तोंडी महादेव कोळी कुटुंबे झाडाखाली जातात, फांद्या झोडपतात, कोवळी फळे अंगणात वाळवितात, हाच बाळहिरडा. आदिवासी विकास महामंडळ ही सरकारी संस्था व खाजगी व्यापारी हे त्याचे गिऱ्हाईक. तेथून तो औषधाकडे व रंग-चामड्याच्या धंद्याकडे जातो. तो जातो तो कच्चाच. त्याचा अर्क काढणारे, त्याने कातडे कमाविणारे आणि त्या कातड्याचा अंगरखा शिवणारे हात दुसरीकडे आहेत, आणि नफाही तिकडेच. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग वादळाने या घाटमाथ्यावर हिरड्याची पुष्कळ झाडे मोडली व उन्मळून पडली. पेरलेला हिरडा फळावर येण्यास पुष्कळ वर्षे लागतात.